शाळेसाठी मागताना

‘शाळेला सरकारचं अनुदान आहे ना, मग पुन्हा आमच्याकडे कशाला?’ हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच, आणि तो रास्त आहे. त्यावर चिडू नये, सरळ उत्तर द्यावं. पगार सरकार देतं. वीजबिल, छपराची डागडुजी, प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्या, पिण्याच्या पाण्याची टाकी यांसाठी जे वेतनेतर अनुदान असतं, ते तुटपुंजं असतं आणि उशिरा येतं. मराठी शाळेची फी नाममात्र. म्हणजे भिंतीला ओल आली तर ती गावानेच बघायची. इतकं सांगितलं की बहुतेक माणसं वाद घालत नाहीत. ‘किती लागतील?’ असं विचारतात. तो आकडा तोंडपाठ हवा. तिथे अडखळलात की देणारा पाकीट परत खिशात घालतो.

०

पत्रकावर ‘शाळेच्या विकासासाठी’ असं कधीही लिहू नये. विकास कुणाच्या डोळ्यांसमोर उभा राहत नाही. मुलींसाठी चार स्वच्छतागृहं, वर हजार लिटरची टाकी, हात धुवायला नळाची ओळ, असं लिहावं.

आमच्या तालुक्याच्या गावी पालकसभेत आम्ही गवंड्यालाच बोलावलं. त्याने फळ्यावर खडूने आराखडा काढला. विटा किती, सिमेंटच्या गोण्या किती, फरशी किती फूट, दारं पत्र्याची घेतली तर काय आणि फायबरची घेतली तर काय, सगळं त्याच्या भाषेत सांगितलं. मागच्या बाकावर हार्डवेअरचं दुकान चालवणारे एक पालक बसले होते. ते बसल्या जागेवरून म्हणाले, ‘दारं माझ्याकडून धरा.’ त्यावर दुसऱ्या एकाने प्लंबिंगची मजुरी नको म्हणून सांगितलं. तिसऱ्याकडे टेम्पो होता, त्याने वाळू आणायचं कबूल केलं. पत्रकं वाटायच्या आधीच खर्चाचा मोठा भाग वस्तू आणि श्रमातून उभा राहिला. हात जोडून केलेल्या भाषणाने हे झालं नसतं. फळ्यावरच्या चौकोनांनी ते केलं.

वस्तू आणि श्रम देणाऱ्यांचीही नोंद ठेवावी. दारं देणाऱ्याचं नाव पैसे देणाऱ्यांच्याच यादीत, त्याच टायपात.

०

आपल्याकडे शाळा अशाच उभ्या राहिल्या आहेत, हे नव्या पालकांना सांगायला मला फार आवडतं. पणजीच्या मुष्टिफंड संस्थेच्या नावातच तिची गोष्ट आहे: रोज स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढायचे, आणि त्यातून पोर्तुगीज अमलात मराठी शाळा चालवायची. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागितला. त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावचा काच कारखाना निघाला आणि तिथे मुलं काचेचं काम शिकली.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले गावात रयत शिक्षण संस्था काढली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात मुलांना जेवायला घालायची पंचाईत झाली, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. ही गोष्ट आपण सगळे शाळेत शिकतो, डोळे पाणावतात आणि पुढे जातो. मला त्यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. घरच्यांनी आधी दिलं होतं, म्हणून भाऊराव गावोगाव ताठ मानेने मागू शकले. मागणाऱ्याने स्वतः काय दिलं आहे, हे लोक विचारत नाहीत, पण त्यांना ते कळतं. म्हणून पहिली पावती समितीच्या सभासदांच्या नावाने फाडावी. आकडा लहान असला तरी चालेल.

०

मोठा देणगीदार शोधत हिंडण्यात समितीचे महिने जातात. धोंडो केशव कर्व्यांचं महिला विद्यापीठ १९१६ साली सुरू झालं. विठ्ठलदास ठाकरसींची पंधरा लाखांची देणगी आली १९२० मध्ये, आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं नाव लागलं. मधली वर्षं विद्यापीठ बंद नव्हतं. कर्वे फिरत होते, लहान लहान रकमा गोळा करत होते, आणि त्यावर ते चालू होतं. मोठा हात चालत्या गाडीकडे वळतो. आधी शंभर घरं, मग शेठजी.

०

आता एक गोष्ट जरा कडक शब्दांत लिहून ठेवतो, कारण या बाबतीत मला मुळीच तडजोड मान्य नाही.

प्रवेश आणि देणगी यांचा संबंध येता कामा नये. महाराष्ट्रात कॅपिटेशन फी बंद करणारा कायदा १९८७ पासून आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या तेराव्या कलमानेही ती मनाई केली आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत होऊ शकतो. कायदा नसता तरी हेच म्हणालो असतो. म्हणून जून महिन्यात, प्रवेशाच्या धामधुमीत, निधीचा ‘नि’ काढू नये. पावती पुस्तकं कपाटात.

आणि वर्गात मुलांना ‘कुणी कुणी आणले?’ असं विचारू नये. फळ्यावर नावं नाहीत, जास्त आणणाऱ्या मुलाला पेन नाही, तुकडी-तुकडीत चुरस नाही. ज्याच्या घरी आज देण्यासारखं काही नाही, त्या मुलाला वर्गात मान खाली घालावी लागली, तर जमलेल्या पैशाने बांधलेली खोली त्याच्यासाठी नाही. मागायचं मोठ्या माणसांकडे, मोठ्या माणसांनी. मुलांचा सहभाग हवा, खूप हवा, पण तो कामाचा: कंदील करतील, गाणी म्हणतील, पाहुण्यांना पाणी देतील. त्यात सगळी सारखी.

०

कंदिलांबद्दल. आमच्याकडचा हा सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत भरवशाचा उपक्रम.

चित्रकलेचे सर गणपती गेल्यावर लगेच बांबू आणवतात. कामट्या तासायचं काम मोठ्या मुलांचं, त्यात सरांची नजर सतत त्यांच्या हातांवर. सुरीने कामटी आपल्याकडे तासायची नाही, हे ते रोज नव्याने सांगतात. सातवी-आठवीची मुलं सांगाडा बांधतात. कामट्या जिथे एकमेकींवर येतात तिथे दोऱ्याचे फुलीसारखे वेढे घट्ट बसायला हवेत, नाहीतर कंदील टांगल्यावर तिरका होतो. घरून कुणीतरी मैद्याची खळ करून आणतं. त्यात चिमूटभर मोरचूद घालायची जुनी पद्धत होती, कीड लागू नये म्हणून. ते विष आहे, मुलांच्या हाती देत नाही. खळ रोज ताजी करतो. पतंगी कागद चिकटवताना जास्त खळ लागली की तो सुरकुततो आणि रंग सुटतो. त्यामुळे बोटाने नाही, ब्रशने, फक्त कडेला. झिरमिळ्या पाचवीच्या मुलांकडे. कात्री सरळ चालत नाही, पट्ट्या कमीजास्त रुंदीच्या होतात, आणि गिऱ्हाईक नेमकं तेच कंदील उचलतं.

विक्री दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी सुरू करावी. वसुबारसेपर्यंत थांबलं तर लोकांनी बाजारातून चिनी प्लॅस्टिकचे आणलेले असतात. मागणी आधी नोंदवून घ्यावी, म्हणजे कागद किती आणायचा ते कळतं. किंमत ठरवताना ‘शाळेसाठी आहे’ म्हणून अवाच्या सवा लावू नये. चांगला कंदील रास्त भावात मिळाला, तर पुढच्या वर्षी शेजारीही येतात. कंदिलासोबत एक चिठ्ठी असते: हा कुठल्या वर्गाने केला आणि यातून काय होणार आहे. चिठ्ठीत दोनच ओळी.

०

खाद्यजत्रेचं गणित लोक चुकीचं मांडतात. थालीपिठाची प्लेट चाळीस रुपयांना विकली आणि तिला पंचवीस रुपये लागले, तर शाळेचे पंधराच. जमा झालेले चाळीस बघून खूश होऊ नये. म्हणून शिधा आधी मागून घ्यावा. एका घरून भाजणी, एका घरून तेल, एका घरून ताक-लोणी, किराणा दुकानदाराकडून पोहे. मग चाळीसच्या चाळीस शाळेचे. आणि भाजणी देणाऱ्या आजींना आपण शाळेला काही दिलं, याचं जे समाधान असतं ते वेगळंच.

स्टॉलवर रोख घ्यायची नाही. दाराशी एकच गल्ला, तिथे कुपनं. स्टॉलवाल्याने कुपनं डब्यात टाकायची. संध्याकाळी कुपनं मोजली की कुठल्या स्टॉलवर काय खपलं ते कळतं आणि पैशांवर एकाच टेबलाची जबाबदारी राहते. मिसळ दुपारी बारालाच संपते, तिचं प्रमाण दुप्पट धरावं. सरबतं उन्हावर अवलंबून.

०

नाटकाचा प्रयोग घेणं हा मराठी गावांचा खास मार्ग, आणि अजूनही चालतो. निर्मात्याकडून एक प्रयोग ठरावीक रकमेला विकत घ्यायचा, नाट्यगृहाचं भाडं भरायचं, तिकिटं आपण देणगी दराने विकायची. यात जोखीम आपली. पाऊस पडला, क्रिकेटचा सामना आला, तरी निर्मात्याची रक्कम द्यावीच लागते. म्हणून आधी दोन-चार पुरस्कर्ते गाठून प्रयोगाचा पूर्ण खर्च सोडवून घ्यावा, मगच प्लॅन उघडावा. त्यानंतर विकलं जाणारं प्रत्येक तिकीट निव्वळ शाळेचं.

खरी डोकेदुखी असते ‘ठेवा माझ्याकडे पंचवीस तिकिटं, मी खपवतो’ म्हणणाऱ्या भल्या माणसांची. मनापासून म्हणतात, पण आदल्या दिवशी वीस परत येतात, तीही मधल्या रांगेतली. त्यावर एकच उपाय: न खपलेली तिकिटं प्रयोगाच्या आठ दिवस आधी परत, त्यानंतर ती विकली गेली असं धरून पैसे. हे तिकिटं हातात देतानाच सांगावं, हसून सांगावं, आणि पाळावं.

नाटक चांगलं निवडावं. लोक शाळेसाठी येतात हे खरं, पण तीन तास खुर्चीत शाळेसाठी बसत नाहीत. ८ जुलै १९२१ ला मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ केलं. शंभर वर्षांनंतरही त्या रात्रीबद्दल लोक बोलतात, ते फंडाला किती मिळाले म्हणून नाही, तर दोघं एका रंगमंचावर होते म्हणून. फंडाचं काम त्या गाण्याने केलं.

मध्यंतरात भाषण पाच मिनिटं. सत्कार नकोत. मुख्याध्यापकबाईंनी काय बांधायचं आहे तेवढं सांगावं, बस.

०

स्मरणिका. जाहिरातीचे पैसे छपाईआधी. ‘अंक निघाला की देतो’ यातले निम्मे अंक निघाल्यावर गावाला गेलेले असतात. मलपृष्ठ सगळ्यात आधी जातं, त्याला भाव धरून ठेवावा. पाव पानाच्या जाहिराती जास्त घेतल्या तर अंक वर्तमानपत्रासारखा दिसतो. त्यापेक्षा ‘शुभेच्छुक’ म्हणून नावांचं एक पान बरं. आणि मुलांच्या कविता मागच्या पानांत ढकलू नयेत. घरोघरी अंक जपला जातो तो त्या कवितांसाठी.

०

पावती.

निधीचं सगळं काम एका वस्तूवर उभं असतं आणि ती म्हणजे पावती पुस्तक. अनुक्रमांक छापलेलं, स्थळप्रत असलेलं, वर संस्थेचं नाव आणि नोंदणी क्रमांक. कुणाला कुठलं पुस्तक दिलं, ते वहीत सही घेऊन लिहायचं. एकही पावती फाडली नाही तरी पुस्तक परत आलंच पाहिजे. रद्द पावती फाडून टाकायची नाही, दोन्ही प्रतींवर ‘रद्द’ लिहून जागेवर ठेवायची. रोख दुसऱ्या दिवशी बँकेत. त्यातून चहाचे पैसेसुद्धा परस्पर द्यायचे नाहीत. खर्च वेगळा काढायचा, त्याची वेगळी पावती.

क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच हवा. खजिनदाराच्या स्वतःच्या नंबरवर एक रुपयासुद्धा नको, तो खजिनदार कितीही सज्जन असो. सज्जन माणसाला वाचवण्यासाठीच हा नियम आहे. मोबाइलवरचा स्क्रीनशॉट म्हणजे पावती नव्हे. बँकेच्या उताऱ्याशी ताळा घेऊन मग पावती पाठवावी, पण दोन दिवसांत पाठवावी.

संस्थेला आयकराची ८०जी मान्यता असेल, तर एका देणगीदाराकडून दोन हजारांच्या वर रोख आल्यास त्याला सवलत मिळत नाही. हे त्याला आधी सांगावं, नंतर नव्हे. पॅन क्रमांक पावती फाडतानाच घ्यावा. कायम निधीसाठी कुणी देत असेल तर तसं त्याच्याकडून लिहून घ्यावं. आपण आपल्या मनाने रक्कम कायम निधीत टाकायची नसते.

आठवडी बाजारात टेबल मांडून बसलो असताना मासे विकणाऱ्या एक मावशी आल्या. पन्नासची नोट दिली. नाव विचारलं तर म्हणाल्या, ‘माझं नको, नातीचं लिही. सातवीत आहे.’ मी नाव लिहिलं. त्यांनी पावती वाचायला शेजारच्या भाजीवाल्याकडे दिली. त्याने वाचून दाखवलं. आडनावातलं एक अक्षर चुकीचं ऐकू आलं होतं, ते दुरुस्त करून दुसरी पावती घेतली, घडी घातली, कमरेच्या पिशवीत ठेवली आणि मगच त्या पाटीकडे गेल्या. त्या पन्नास रुपयांची नोंद लाखाच्या नोंदीइतक्याच नीट अक्षरात झाली पाहिजे. यात मी काही मोठं सांगत नाही, पण टेबलावर नव्याने बसणाऱ्या प्रत्येक तरुणाला हे पहिल्यांदा सांगतो.

०

माजी विद्यार्थी. व्हॉट्सॲपवरच्या ग्रुपात ‘सर्वांनी मदत करावी’ असा मजकूर टाकला की हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागते आणि ग्रुप शांत होतो. सगळ्यांना सांगितलेलं कुणालाच लागू होत नाही. बॅचच्या एकाने दुसऱ्याला फोन करावा. ‘अरे, आपल्या वर्गाच्या मागच्या खिडक्या बदलायच्यात, तू ज्या खिडकीशी बसायचास तीच.’ एवढं पुरतं. दहावीला पंचवीस वर्षं झालेल्या बॅचकडे आधी जावं. मुलं मोठी झालेली असतात, हातात थोडा पैसा आलेला असतो आणि शाळा पुन्हा आठवू लागलेली असते.

कोकणातल्या वाड्यांची मुंबईत मंडळं असतात, त्यांची महिन्याची बैठक असते. पत्र पाठवण्यापेक्षा त्या बैठकीला जावं. चाळीतल्या खोलीत सतरंजीवर बसून बोलावं. ती माणसं गणपतीला गावी येतात तेव्हा काम दाखवता येतं, आणि पुढचा हप्ता तिथल्या तिथे ठरतो.

परदेशातल्यांबद्दल सावध राहायचं. भारताचा नागरिक असलेला माणूस दुबईत किंवा टोरांटोत नोकरी करून बँकेमार्फत स्वतःच्या कमाईतून पैसे पाठवत असेल, तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. पण त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ती धरली जाते, मग तो आपल्याच आळीतला का असेना. त्यासाठी संस्थेची एफसीआरए नोंदणी हवी, आणि रक्कम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरवून दिलेल्या खात्यातच यावी लागते. लहान शाळेकडे हे नसतं. मग प्रेमाने नाही म्हणावं. ‘इथे तुझा भाऊ आहे, तो त्याच्याकडचे देईल का बघ,’ असली आडवाट सुचवू नये. शाळेला पुस्तकांची यादी करून देणं, मुलांशी व्हिडिओवर बोलणं, हेही देणंच आहे, आणि त्याला परवाना लागत नाही.

०

कंपन्यांचा सीएसआर. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याच्या सरासरीच्या दोन टक्के खर्च करावे लागतात, आणि शिक्षण त्या यादीत आहे. पण प्रस्ताव, तपासण्या, अहवाल, फोटो यांत शाळेचा एक शिक्षक वर्षभर अडकतो. प्रयोगशाळा किंवा सौरऊर्जेसारखं एकरकमी मोठं काम असेल तरच त्या वाटेला जावं. खिडक्यांसाठी नाही.

०

जिल्हा परिषदेच्या शाळेत हे सगळं शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालतं. तीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या. कागदावर हे फार सुंदर आहे. प्रत्यक्षात बायका सही करून जातात, कारण सभा दुपारी तीनला असते, भात लावणीच्या दिवसांत. सभा संध्याकाळी घ्यावी, मुलांना सोबत येऊ द्यावं. ज्या गावात हे झालं तिथे मी बघितलं आहे, पैशांचा हिशोब बायकांनी हातात घेतला आणि तो बचत गटाच्या वहीसारखा पैन् पै जुळला.

०

हिशोब फलकावर लावायचा, शाळेच्या आत नाही, फाटकाच्या बाहेरच्या भिंतीवर, जिथे एसटीची वाट बघणारा माणूसही वाचेल. किती आले, किती खर्च झाले, किती उरले. देणगीदारांची नावं आद्याक्षरांच्या क्रमाने, रकमेच्या नाही. या एका मुद्द्यावर आमच्या समितीत दर वर्षी वाद होतो. मोठ्या रकमेची नावं वर घ्यावीत, संगमरवरी पाटी लावावी, असं काहींचं म्हणणं असतं. कुणी एखादी खोली आईच्या नावाने बांधून देत असेल तर पाटी जरूर लावावी. यादी मात्र आद्याक्षरांनीच. ‘अ’ वाल्यांचं नशीब.

काम झालं की उद्घाटनाला पुढारी बोलावण्याआधी गवंड्याला बोलवावं, आणि ज्यांनी दारं, वाळू, मजुरी दिली त्यांना. मुलींनी त्यांना फिरून सगळं दाखवावं. नळ सोडून दाखवावेत.

०

पुढच्या वर्षासाठी. बांबू गणपतीनंतर नव्हे, आधीच सांगून ठेवणे, गेल्या खेपेला हिरवा आला होता. मिसळ दुप्पट. नवी पावती पुस्तकं थोडी मोठ्या टायपात, बाजारात चष्म्याशिवाय वाचता येतील अशी. मुंबईच्या मंडळाची बैठक महिन्याच्या दुसऱ्या रविवारी असते, त्यांना वाचनालयाच्या कपाटांचं सुताराने दिलेलं अंदाजपत्रक घेऊन भेटणे. कपाटांना काच हवी की जाळी, हे ग्रंथपालबाईंना विचारणे.